मोतीशेठच्या माडीवरची आगगाडी

चार माणसं रोज संध्याकाळी एका टेबलाभोवती जमली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते धुळ्याच्या धुळीसारखे आपोआप साचतात. आमच्याकडे तर तीन वर्षांची साठवण आहे. त्यातले जे सांगितले तर आमची चौघांची थोडीफार अब्रू शिल्लक राहील, तेवढेच सांगतो.

चौघं म्हणजे कोण? मोतीशेठ, कापडाचे व्यापारी. दुकानावरची माडी त्यांची. नाना, रिटायर्ड स्टेशनमास्तर. भिका मिस्त्री, मूळचा पिंपळनेरचा सुतार. आणि मी, हायस्कुलात ड्रॉइंग शिकवणारा, म्हणून सगळ्यांचा 'गुरुजी'.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मोतीशेठ मुंबईहून माल घेऊन आले, त्यात एक खोकं निघालं. आत चावीचं इंजिन, चार डबे आणि जोडायचे रूळ!

"मुलांसाठी आणलंय," शेठ म्हणाले.

घरात तेव्हा सगळ्यात लहान मूल म्हणजे त्यांचा मोहन. वय वर्षं एकोणीस!

*

मिस्त्रीने माडीभर टेबल ठोकलं. दोन स्टेशनं झाली, पांझरा नदीवरचा पूल झाला. डोंगर आणि बोगदा माझ्याकडे आला. मी तट्ट्यावर माती थापून असा झकास सातपुडा उभा केला, की स्वतःच चार पावलं मागे जाऊन बघत बसलो.

वैशाखात सातपुड्याला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या.

मिस्त्री कमरेवर हात ठेवून म्हणाला, "गुरुजी, माटी कथाईन आणी?"

"मेहुण्याच्या शेतातून. चांगली काळी कसदार."

"अहो, काळी माटी शे ती! उन्हायामा बठ्ठं वावर फाटस, मंग डोंगर फाटाव नही का?"

खान्देशात जन्म काढलेल्या माणसाला हे सुचू नये! पुढे महिनाभर मिस्त्री मला रस्त्यात भेटला की "डोंगर कसा शे?" असं विचारायचा. बायकोच्या तब्येतीचीसुद्धा त्याने कधी इतकी चौकशी केली नाही.

*

नानांनी मात्र टेबलावर खरी रेल्वे आणली. पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा नियम. पुढचं स्टेशन म्हणजे मी. दोन स्टेशनांत अंतर तीन हात. आमचे गुडघे एकमेकांना लागायचे, तरी नाना घंटी वाजवून विचारायचे, "लाइन क्लिअर आहे का?" आणि मी घंटी वाजवून कळवायचं, "आहे!"

एकदा मी साडूच्या मुलीच्या लग्नाला जामनेरला गेलो. सांगायचं राहून गेलं. चौथ्या दिवशी लाडू घेऊन माडीवर पाय ठेवतो, तर नाना लालबुंद.

"कुठे होतात? पॅसेंजर मंगळवारपासून उभी आहे!"

शेठ आणि मिस्त्री कोपऱ्यात पत्ते खेळत होते. तीन दिवस त्यांना इंजिनाला हात लावू दिला नव्हता.

*

झाडं मी कणकेच्या खळीने चिकटवली होती. खळीला मुंग्या लागल्या. त्यांची रांग बरोबर रूळ ओलांडून गेली.

मोतीशेठ पक्के जैन. ते ओरडले, "गाडी थांबवा! जीव आहेत!"

नाना खूश! "बरोबर आहे. रुळावर जनावर असेल तर गाडी सोडता येत नाही." त्यांनी रजिस्टरात लिहिलं, 'रुळावर मुंग्या. अप पॅसेंजर खोळंबली.'

तास झाला तरी रांग संपेना. शेवटी मुंग्यांनी लवकर पलीकडे जावं म्हणून शेठने पलीकडे चिमूटभर साखर टाकली. झालं! गेलेल्या मुंग्या साखर घेऊन परत यायला लागल्या.

नानांनी पुन्हा पेन उचललं. "आता डाउनही बंद!"

*

शेठाणी एकदाच वर आल्या. गाडीच्या पाच फेऱ्या त्यांनी शांतपणे बघितल्या.

"ही जाते कुठे?"

"कुठे नाही, फिरून इथेच येते," शेठ अभिमानाने म्हणाले.

"आणि यात बायकांचा डबा कुठला?"

आम्ही चौघं डब्यांकडे बघायला लागलो. चार डबे होते, पण एकालाही हे सुचलं नव्हतं!

"म्हणूनच फिरून इथेच येते," म्हणाल्या आणि खाली गेल्या.

*

आता नानांचं दुखणं सांगतो, कारण ते खरं दुखणं होतं. भुसावळच्या अलीकडच्या एका बारक्या स्टेशनावर त्यांची सारी नोकरी गेली. मेल तिथे थांबत नसे. हे रोज कोट घालून, बटणं लावून, हिरवं निशाण घेऊन उभे, आणि मेल धूळ उडवून भुर्र! "आपल्या फलाटावर एकदा मेल उभी राहिलेली बघायची राहिली हो," एवढं एकच ते बोलायचे. ऐकून आम्हाला वाईट वाटायचं.

म्हणून टेबलावर आम्ही नानांच्या स्टेशनात मेल थांबवायचा चंग बांधला. पाच पीळ चावी दिली, तर बोगद्यात जाऊन बसे. साडेचार दिली, तर पुलावर. मिस्त्रीने तेल घातलं, मी समोरून फुंकर मारली. छे! मी म्हटलं, "हाताने धरू का?"

"हाताने धरलेली गाडी म्हणजे अपघात, गुरुजी!"

तीन वर्षांत मेल नानांच्या फलाटावर एकदाही थांबली नाही.

*

मग मोहनचं लग्न ठरलं. सुनेला खोली हवी. खोली एकच, आमची माडी. नानांचं दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच जिन्यावर नोटीस लावली, 'रविवारपासून लाइन बंद.'

रविवारी दुपारी मिस्त्रीने आधी सातपुडा फोडला. बोगद्याच्या कडेच्या भेगेत थर्ड क्लासचा एक डबा सापडला! वर्षापूर्वी हरवलेला. नानांनी तेव्हा रजिस्टरात 'दुरुस्तीसाठी भुसावळला' असं दडपून लिहिलं होतं.

आम्ही नानांकडे बघितलं. नानांनी शांतपणे लिहिलं, 'दुरुस्त होऊन परत.'

*

डोंगर गेला, झाडं गेली, पूल तेवढा राहिला. रूळ उचलायच्या आधी शेठ म्हणाले, "नाना, शेवटची एक मेल सोडू."

नाना घरी जाऊन जुना कोट घालून आले. फलाटाशी उभे राहिले, हातात हिरवं निशाण. शेठने चावी दिली. किती पीळ दिले, ते त्यांना आजही सांगता येत नाही.

मेल सुटली. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसरीला चाल मंदावली. पूल ओलांडला. मिस्त्रीने माझा दंड गच्च धरला. इंजिन कुरकुरत नानांच्या स्टेशनात शिरलं, आणखी वीतभर सरकलं, आणि फलाटाच्या बरोबर मधोमध उभं राहिलं.

शेठने उपरण्याने डोळे टिपले.

"नाना!" मिस्त्री ओरडला, "थांबनी! मेल थांबनी!"

नानांच्या मिशा थरथरत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी घड्याळ काढून बघितलं आणि हातातलं हिरवं निशाण इंजिनासमोर जोरजोरात हलवायला लागले.

"हिला इथे थांबा नाही! कुणाच्या हुकमाने थांबली? ड्रायव्हरला बोलवा!"