कोकरू आत, मी जिन्यात

"कोकरू द्या इकडं. तुम्ही खाली जिन्यात थांबा. आत सगळे नटूनथटून आलेत."

बाईनं दार अर्धंच उघडलं होतं. एका हातानं नाक दाबलेलं, दुसरा हात कोकरासाठी पुढं. कुवेतमधल्या रुमैथिया भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर आमची मराठी ख्रिस्ती मंडळी दर शुक्रवारी उपासनेला जमते. त्या दिवशी नाताळाचा कार्यक्रम होता. बाईंचा नवरा शर्क भागातल्या एका ऑफिसात मोठा साहेब. तो उत्तम मेंढपाळ, म्हणजे येशू, होणार होता. पांढरा झगा, हातात काठी, खांद्यावर खरं कोकरू. त्या कोकरासाठी त्यांना मी आठवलो. एरवी तीन वर्षांत कुणी मला नावसुद्धा विचारलं नव्हतं.

मी नगरकडचा. ड्रायव्हर म्हणून कुवेतला आणलं अन् कब्दच्या वाळवंटात मेंढ्यांमागं सोडलं. मालकाच्या हातापाया पडून सहा दिवसांचं कोकरू मागून घेतलं होतं. पाण्याच्या टँकरवाल्यासोबत आलो, सगळा रस्ता त्याला छातीशी धरून. आपल्या देवाचं काम आहे, असं वाटलं. येडाच मी.

जिन्यात बसलो. वर मेंढपाळाचंच गाणं चाललं होतं. तेवढ्यात कोकरू ओरडलं. भुकेचं ओरडणं वेगळं, भ्यायलेलं वेगळं. हे भ्यायलेलं होतं. चपला तिथंच टाकून वर पळालो.

बाथरूममध्ये बाईनं त्याला शांपूनं धुतलं होतं. आता वरून अत्तर फवारत होती.

"बाई, काय केलंत हे! अंगाचा वास गेला तर याची आई याला ओळखणार नाही. पाजणार नाही. मरंल हे!"

"अहो, दोन तासांचं तर काम आहे. असं घाणेरडं कसं घ्यायचं खांद्यावर?"

साहेब झगा सावरत आला. "सणाच्या दिवशी तमाशा नको. खाली जा तुम्ही. घरभर वास सुटलाय."

माझं डोकंच फिरलं. आमच्या आज्याला गावानं वेशीबाहेर ठेवलं, म्हणून तो या देवाकडं आला. देव मेंढरं राखतो म्हणजे आपल्यातलाच, एवढंच त्याला कळलं होतं. आणि त्याचा नातू जिन्यात?

"साहेब, झगा काढा," मी म्हणालो. "मेंढपाळाच्या अंगाला वास येतो. सोसत नसंल तर गाणं दुसरं म्हणा."

ओलं कोकरू शर्टात घातलं अन् निघालो. सगळे बघत होते. एक माणूस उठला नाही.

कब्दला पोचलो, तर मेंढीनं त्याला हुंगलं अन् टक्कर मारून लांब ढकललं. तीन दिवस तिला गुडघ्यात दाबून धरली, तिचंच दूध त्याच्या अंगाला चोळलं, जबरदस्तीनं पाजलं. चौथ्या दिवशी तिनं त्याला चाटलं. जगलं पोर.

काल साहेबाचा फोन. "झालं गेलं विसरा. मंडळीची माफी मागा आणि या शुक्रवारी. फक्त आंघोळ करून या."

"येतो," म्हणालो. "माफी मागणार नाही."

जाणार आहे. मेंढ्यांकडून थेट, अंगावरच्या कपड्यांनिशी. पहिल्या रांगेत, साहेबाला खेटून बसणार. मेंढपाळाचं गाणं लागलं की उठून सगळ्यांत मोठ्यानं म्हणणार. ज्याला वास सोसणार नाही, त्यानं खुशाल जिन्यात जाऊन बसावं.