ताईच्या झोपेचा पहारा

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते माझ्या मोठ्या बहिणीचे. ती भिलाईत एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. दोन खोल्यांच्या घरात रात्री मला अभ्यासाला एक खोली मिळावी म्हणून तिने नाइट ड्यूटी मागून घेतली. आमच्या घरातला पहिला पदवीधर असा तयार झाला. तिची झोप मात्र गेली.

सकाळी पावर हाउस भागातल्या दवाखान्यातून ऑटोने यायची, खाटेवर पडायची आणि पंख्याकडे पाहत राहायची. एकदा वॉर्डात तिने बीपीचा पट्टा स्वतःच्याच दंडाला बांधला आणि पेशंटला म्हणाली, "छान आहे आजोबा." हेडसिस्टरने बजावलं, आता एक जरी डुलकी लागली तरी नोकरी जाईल.

मी घाबरलो. दारावर पाटी लावली : 'ताई नाइट करून आली आहे. तिला दिवसा झोप लागत नाही. कृपया दार वाजवू नये.' विनंतीला कारण द्यावं, असं शाळेत शिकवलं होतं. ते कारणच नडलं.

तासाभरात शेजारच्या काकू तेल आणि काशाची वाटी घेऊन दारात.

"काकू, पाटी वाचली न?"

"वाचली म्हणूनच आली न बाबू. तिले झोप नाही लागून राहिली, अन् तू पहारा देऊन राहिला."

"आत्ताच लागली. दहा मिनिटं झाली."

"मंग उठव तिले. झोपेत तळपाय घासले तर गुण नाही येत."

मी अडवेपर्यंत त्या आत गेल्या. ताईने उठून निमूट पाय पुढे केले. मागून पलीकडच्या मावशी जायफळाचं दूध घेऊन आल्या. "उठलीच आहेस तर माझं बीपी पाहून दे." मग आणखी दोघी आल्या. वाटी घासता घासता काकूंनाच झोप लागली, तीही ताईच्या खाटेवर. मी त्यांना हलवायला गेलो तर ताई चटईवरून म्हणाली, "राहू दे. झोपेतून उठवू नये कोणाले."

पुढे मला नागपूरला नोकरी लागली. फोनच्या घंटीने ती उठेल म्हणून मी पत्रच पाठवलं :

'प्रिय ताई,
माझी डिग्री तुझ्या झोपेतून आली, हे मला माहीत आहे. आठ दिवसांची रजा घे आणि इकडे ये. खिडकीला जाड पडदा लावला आहे. तू नर्स आहेस हे घरमालकीणबाईंना सांगितलेलं नाही. शिक्षिका म्हटलं असतं तर त्यांचा मुलगा दहावीत आहे. शिवणकाम म्हटलं असतं तर ब्लाउज आले असते. म्हणून तू भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवतेस असं सांगितलं आहे. घरात कोणाला क्रेनचं काम पडत नाही.
तुझा भाऊ'