मांडव पडल्याचं गाणं

“माझ्या पोरीच्या लग्नात मांडव पडल्याचं गाणं? भावजी, तोंड आवरा, नाहीतर ही किटली तुमच्या डोक्यावर ओतीन!”

वहिनी ओट्यावर उभी राहून ओरडत होती. भुईगावच्या आमच्या गल्लीत ते सगळ्यांना ऐकू गेलं, आणि किनाऱ्यावर चालायला गेलेली माणसंसुद्धा दचकली असणार. किटली काठोकाठ भरलेली होती आणि चहा नुकताच उकळलेला होता. मी एक पायरी खाली उतरलो आणि तिथून पुन्हा म्हणालो, “वहिनी, जगातलं सगळ्यात भारी पॉप गाणं तेच आहे. मी मरेन, पण हेच सांगेन.”

“मग मरा!” वहिनी म्हणाली. “पण लग्न झाल्यावर.”

रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की आमच्या ओट्यावर हा वाद बसतो. किती वर्षं चाललाय ते मला विचाराल तर मी शंभर सांगेन, म्हणून विचारू नका. लोक केळीच्या भावावर बोलतात, निवडणुकीवर बोलतात. आम्ही मात्र जगाच्या सुरुवातीपासून आजपर्यंतचं सर्वांत थोर पॉप गाणं कोणतं, ह्यावर एकमेकांचे गळे धरतो. बसणारे ठरलेले. वहिनी, तिची मुलगी म्हणजे माझी पुतणी, गावच्या ब्रास बँडचे मास्तर, त्यांच्याच बँडमधला सॅक्सोफोनवाला, आणि मी. माझा भाऊ वर्तमानपत्राच्या आड असतो, त्याला मी धरत नाही.

आता जगातली गाणी म्हटलं तरी आमचं जग म्हणजे आमचा बँड. ही सगळी इंग्रजी गाणी आमच्यापर्यंत बँडमधून आली. मास्तरांनी ती कुणाच्या तरी गल्फच्या कॅसेटवरून कानाने उचलली, बँडला शिकवली आणि लग्नात वाजवली. शब्द नाहीत, गायक नाही, नाव तर नाहीच. मग ज्या लग्नात गाणं पहिल्यांदा वाजलं, त्या लग्नात जे घडलं तेच त्याचं नाव. एक आहे ‘आगाशीच्या बसचं’, कारण वऱ्हाडाची बस तिथल्या बाजारात बंद पडली आणि बँड रस्त्यावर उतरून वाजवत राहिला. एक ‘दोन नवऱ्यांचं’, कारण नवरा आणि त्याचा भाऊ एकाच कापडाचे सूट घालून आले आणि फादर चुकीच्या माणसाकडे बघून बोलायला लागले. पुतणी एकदा मोबाईल काढून खरी नावं शोधायला बसली, तेव्हा आम्ही सगळे तिच्यावर तुटून पडलो. खरं नाव कळून करायचंय काय?

त्या रविवारी मात्र वाद नुसता वाद नव्हता. पुतणीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. आमच्या घरात नवरी चर्चला निघते ती बँडच्या मागून चालत, आणि उंबरा ओलांडताना कोणतं गाणं वाजायचं ते घरचे ठरवतात. तेच ठरायचं होतं. रिंगणात दोनच गाणी उरली होती: ‘विहिरीचं’ आणि ‘मांडवाचं’.

‘विहिरीचं’ म्हणजे मास्तरांचं गाणं. त्यात शेवटाला ट्रम्पेट असा वर चढतो की ऐकणाऱ्याच्या टाचा उचलल्या जातात. पहिल्यांदा वाजलं तेव्हा नवऱ्याचा मामा ऐकता ऐकता मागे सरकत विहिरीत पडला, आणि गाणं संपेपर्यंत वर यायला तयार होईना. दुसऱ्या एका लग्नात त्याच सुराला शेजारच्या माडावरून अकरा शहाळी गळाली. बारावं घाबरून वरच राहिलं. ‘मांडवाचं’ हे संथ, खालच्या सुरातलं, दुपारी वाडीत पाणी सोडल्यावर ते जसं हळूहळू आळ्यात शिरतं तसं.

मी आयुष्यभर ‘विहिरीचं’च्या बाजूने भांडलो. त्या रविवारी मी बाजू बदलली आणि का बदलली ते ओट्यावर दोघांनाच माहीत होतं.

दोन दिवस आधी मास्तरांनी मला त्यांच्या वाडीत बोलावलं. केळीच्या पलीकडे त्यांची पंपाची खोली आहे, तिथे. दार लावलं, बाहेर काही ऐकू जाऊ नये म्हणून पंप सुरू केला. मग ट्रम्पेट काढला आणि ‘मांडवाचं’ वाजवलं. छान वाजलं. नंतर ‘विहिरीचं’ धरलं. चढावर गेले, आणि सूर मधेच फाटला, भाजीवाल्याच्या भोंग्यासारखा. त्यांनी ट्रम्पेट खाली घेतला, पाठ फिरवली, तोंडात बोटं घातली आणि पुन्हा माझ्याकडे वळले तेव्हा त्यांच्या रुमालात वरची कवळी होती. मला मास्तरांचं तोंड एकदम दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं.

“जोर दिला की सरकते,” ते म्हणाले. दात नसताना त्यांचे शब्दही सरकत होते. “खालचे सूर येतात. वरचे नाही येत. दोन महिने रोज करतोय.”

“डॉक्टरला दाखवा ना, मास्तर.”

“डॉक्टरनेच बसवली ना ही.”

मी हसलो. ते हसले नाहीत. कवळी धुऊन पुन्हा बसवली आणि मग मुद्द्यावर आले. मास्तर माझ्या पुतणीचे धर्मपिता. तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांनी आमच्या दारात ट्रम्पेट वाजवला होता आणि सगळ्यांसमोर म्हणाले होते, ही ह्या दारातून नवरी होऊन निघेल तेव्हाही मीच वाजवीन. पोरगी तेव्हा दुपट्यात होती. पण पुढे प्रत्येक वाढदिवसाला तिने त्यांना त्याची आठवण करून दिली.

“तू ‘मांडवाचं’ ठरव,” ते म्हणाले. “तुझ्या तोंडापुढे कोण टिकतंय? आणि दातांचं कोणाला बोलायचं नाही. तिला तर नाहीच. कळलं तर म्हणेल, मास्तर, तुम्ही नुसते पुढे चाला, वाजवू नका. मला नुसतं चालायला यायचं नाही.”

मी छाती ठोकून हो म्हटलं. घरी येईपर्यंत रस्त्यातल्या तीन माणसांना ‘मांडवाचं’ ह्या गाण्याची थोरवी सांगून झाली होती. आणि मग आमच्या फाटकाची कडी लावताना माझ्या लक्षात आलं की ह्या गाण्याचं वाटोळं करून ठेवणारा माणूस मीच आहे.

कारण तो मांडव पडलाच नव्हता. एक बांबू सरकला होता. वारा आला, कोपऱ्यातला बांबू हातभर कलला, दोघांनी धरून सरळ केला आणि लोकांनी जेवण चालू ठेवलं. एवढंच. पण एवढंच सांगायला मी जन्माला आलेलो नाही. पहिल्या वर्षी मी एक कोपरा पाडला. दुसऱ्या वर्षी अर्धा मांडव. पुढे तीनशे माणसं खाली सापडली, करवल्या टेबलांखालून रांगत बाहेर आल्या, फादर पातेल्याखालून निघाले आणि त्याही अवस्थेत त्यांनी आशीर्वाद दिला. आणि बँड? बँड कनातीखालून वाजवतच होता! दर नाताळात पाहुण्यांना ही गोष्ट हवीच असायची. वहिनीच मागून म्हणायची, भावजी, ती मांडवाची सांगा.

आता तीच वहिनी किटली घेऊन उभी होती.

“विहिरीत माणूस पडलेला चालतो तुम्हाला?” मी खालच्या पायरीवरून विचारलं.

“तो पोहत वर आला. मांडव पडला तर काय पोहत वर येणार आहे?”

“वहिनी, ऐका. खरं सांगतो. मांडव पडला नव्हता.”

सॅक्सोफोनवाला इतका हसला की त्याचा चहा शर्टावर सांडला. “दादा, आता हे नवीन!”

“एक बांबू सरकलेला रे. शपथेवर सांगतो.”

“शपथ राहू द्या. मागच्या नाताळात तुम्हीच सांगितलंत ना, फादरांच्या डोक्याला पातेल्याचा रस्सा लागलेला?”

“ते मी वाढवून सांगितलं.”

“मग आता कमी करून सांगताय,” वहिनी म्हणाली. “सोयीप्रमाणे.”

मी भावाकडे वळलो. तो त्या लग्नाला होता. “तू सांग ना, बांबूच सरकलेला ना?” त्याने वर्तमानपत्र खाली घेतलं, बराच विचार केला आणि म्हणाला, “मला आता तुझीच गोष्ट आठवते.” आणि पुन्हा आड गेला.

मी खूप बोललो. देवाशपथ, आयुष्यात इतकं खरं मी कधी बोललो नव्हतो. आणि जितकं बोललो तितके ते जास्त हसले. पुतणी माझ्याकडे बघत होती, ती हसत नव्हती. ती मास्तरांच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, “काका, तुम्हाला काय झालंय आज? मला ‘विहिरीचं’च पाहिजे. मास्तरांचं गाणं ते. मी लहानपणापासून तेच डोक्यात धरलंय. बरोबर ना, मास्तर?”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. दातांचं एक वाक्य, बस, एवढंच बोलायचं होतं. कुणी विश्वास ठेवला नसता तर त्यांचं तोंड उघडून दाखवता आलं असतं. त्यांनी हळूच मान हलवली, नाही म्हणून. मी तोंड मिटलं. माझं तोंड मिटलेलं त्या ओट्यावर त्याआधी कोणी पाहिलं नसेल.

“बरोबर,” मास्तर म्हणाले. “तेच.”

पुढचे तीन आठवडे मी त्यांच्या वाडीकडे फिरकलो नाही. पंप मात्र रोज दुपारी चालू असायचा. विहीर आटेल इतका.

लग्नाच्या दिवशी चारच्या सुमाराला बँड दारात उभा राहिला. निळे कोट, पिवळ्या पट्ट्या, मास्तर सगळ्यांत पुढे. दाढी इतकी घोटलेली की गालावर काप दिसत होता. पुतणी उंबऱ्यावर आली, वडिलांचा हात धरून, आणि तिने मास्तरांकडे बघून मान हलवली. ड्रम वाजला. ‘विहिरीचं’ सुरू झालं.

सुरुवात खालची असते, ती निभावली. पुतणी अंगणात उतरली. मधला भागही नीट गेला. मी फाटकाशी उभा होतो आणि मला वाटायला लागलं की निभावून नेईल हा माणूस, ह्या तीन आठवड्यांत काहीतरी जमवलंय त्याने. मग चढ आला. मास्तरांनी डोळे मिटले आणि ट्रम्पेट उचलला. पहिला वरचा सूर लागला. खरंच लागला, मी वाढवून सांगत नाही. दुसऱ्याला नुसती हवा आली. तिसऱ्याला काहीच नाही. त्यांचा डावा हात तोंडाशी गेला आणि तिथेच राहिला.

सॅक्सोफोनवाल्याला काय झालं ते कळलं नाही, पण बँडवाला थांबत नाही. त्याने गाणं उचललं आणि पुढे नेलं. वऱ्हाड चालायला लागलं. मास्तर पुढेच होते, थांबले असते तर सगळे त्यांच्यावर आदळले असते. म्हणून ते चालले. घरापासून चर्चपर्यंत, नवरीच्या पुढे, ट्रम्पेट काखेत आणि हात तोंडावर, नुसते चालले. पुतणीची पावलं दोनदा चुकली. तिला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

चर्चबाहेर ती मला म्हणाली, “काका, मास्तरांना बरं नाही का?” मी म्हणालो, “ट्रम्पेटात गांधीलमाशी शिरली.” विचार न करता आलं तोंडात. संध्याकाळी हॉलमध्ये मी ती माशी बोटाएवढी केली, मग पक्ष्याएवढी. ती मास्तरांच्या ओठाला चावली, ओठ पावाएवढा सुजला, तरीही ते नवरीला सोडून गेले नाहीत. लोकांनी ऐकलं, हळहळले, एकाने चावल्यावर काय लावायचं ते सांगितलं. सगळ्यांनी विश्वास ठेवला. वहिनीनेसुद्धा. मास्तर हॉलमध्ये आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी केकचा तुकडा घेऊन मी वाडीत गेलो. ते केळीला पाणी देत होते. कवळी तोंडात नव्हती. मी केक पंपाच्या खोलीच्या पायरीवर ठेवला आणि बोलायला लागलो. म्हणालो, मास्तर, मला ओट्यावर सांगायला पाहिजे होतं, तुम्ही नको म्हटलंत तरी सांगायला पाहिजे होतं. म्हणालो, तो मांडव मीच पाडला, दरवर्षी थोडा थोडा. म्हणालो, गावात कुणाला काही कळलेलं नाही, मी माशीचं सांगितलंय, सगळ्यांना पटलंय, पोरीलाही. रविवारी ओट्यावर या तुम्ही, ओठाला थोडं काहीतरी लावून या, बाकी मी बघतो. पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात गेलं, तिसऱ्यात गेलं, तरी मी बोलतच होतो.

त्यांनी फावड्याने बांध फोडला, पाणी वळवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “रविवारपासून मी मिस्सा झाली की सरळ घरी येईन.”