ड्रॅगनला सुरकुती पडू नये म्हणून

मुलीच्या लग्नात बापाला वाकावं लागतं, हे मी कोट शिवायला टाकताना विसरलो.

चूक तशी छोटीच. मोबाईलवर कुठल्याशा परदेशी सोहळ्याचे फोटो आले होते. लाल गालिचा, आणि त्यावर नटनट्या चिनी थाटात : उंच ताठ कॉलर, कापडाच्या घुंड्या, छातीवर सोनेरी ड्रॅगन. आमच्या सायलीचं लग्न मंचरला हायवेवरच्या ज्या कार्यालयात ठरलं होतं, तिथंही गेटपासून स्टेजपर्यंत लाल गालिचा होता. गालिचा आहे, मग कोट का नको? (मी कांद्याचा आडत्या. एवढा विचार मला पुरतो.)

रफिकभाई टेलरनी फोटो मोठा करून पाहिला. "भाऊ, ही तर आपली बाराबंदी! त्यासाठी चायनाला कशाला जाताय?"

"कॉलर ताठ पाहिजे," मी बजावलं. "आणि ड्रॅगनला सुरकुती नको."

"नाय पडणार," ते म्हणाले. माणूस शब्दाचा पक्का. त्यांनी कॉलरपासून पोटापर्यंत आतून पुठ्ठ्यासारखं कडक बक्रम घातलं, तेही दुहेरी.

लग्नादिवशी सकाळी घुंड्या लावल्या आणि माझा दरवाजा झाला. मान खाली जाईना, कंबर वाकेना. ड्रॅगन मात्र झकास दिसत होता. "हा बिबट्या का घोरपड?" असं मेव्हण्यानं विचारलं, पण तो जळत होता.

खोडदहून वऱ्हाड आलं. सगळ्यात पुढं काठी टेकत नवऱ्या मुलाचे आजोबा. मुलीच्या बापानं हार घालायचा आणि त्यांच्या पायाला हात लावायचा, अशी त्यांच्याकडची रीत. मी हार घातला. आजोबांनी आशीर्वादासाठी हात उचलला. मी तसाच उभा.

हात हवेत. ड्रोन डोक्यावर. वाजंत्रीही थांबली!

"अहो, वाका!" मागून बायको कुजबुजली.

"येत नाही गं वाकता!"

"माझ्या बापापुढं पंचवीस वर्षांत वाकला नाहीत, ते माहितीये मला. हितं तरी वाका!"

वऱ्हाडात चुळबुळ सुरू झाली. "पोरीचा बाप, अन् एवढा ताठा?" "कांद्याला भाव आलाय ना राव!"

आजोबांचा हात खाली आला. "पोरगी चांगली हाये," ते शांतपणे म्हणाले. "पण घर न्हाई. चला रं, गाड्या फिरवा."

आत सायली हळदीच्या हातानं वाट बघत बसलेली. बायकोनं माझ्या घुंड्यांना हात घातला. घामानं भिजून त्या अशा आवळल्या होत्या की एक सुटेना. आजोबा वळलेसुद्धा!

तेव्हा मला उमगलं, की दरवाजा वाकत नसला तरी पडू शकतो.

मी डोळे मिटले आणि पुढं झुकलो. धाडकन! लाल गालिच्यावर सरळ, लांब, नाकावर. हात पुढं पसरलेले, बोटं नेमकी आजोबांच्या टाचेला.

"काका, एक मिनिट, तसंच राहा!" फोटोग्राफर ओरडला. (दुसरा काही पर्यायच नव्हता.)

आजोबा मागं वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई लग्नं पाह्यली, पण पोरीसाठी दंडवत घालणारा इवाई नाय पाह्यला! उठा पावणं, उठा."

मला उठता येईना. आजोबांना वाटलं, मला गहिवरून आलंय. शेवटी चौघांनी मला उचलून उभं केलं. (लग्नात असं बोलू नये, पण उचलणारे चौघेच होते.) लग्न वेळेवर लागलं. फोटोत माझं नाक तेवढं गालिच्यापेक्षा लाल आलंय.

घरी बायकोनं कात्रीनं घुंड्या कापून मला बाहेर काढलं. कोटाची घडी होईना, म्हणून भिंतीला उभा करून ठेवला.

"बोहारणीला देऊन टाक तो," मी नाक चोळत म्हणालो.

"राहू द्या," ती म्हणाली. "नव्या घुंड्या लावून घेते. दिवाळीला माझ्या माहेरी जाताना हाच घाला."