पत्ते न खेळण्याचा अर्ज

कुंभारवाडा गावाच्या बाजूला एका वाडीवरच्या शाळेत मी एकोणतीस वर्षे अर्जलेखन शिकवले. कोणास, विषय, मजकूर, आपला विश्वासू या चार पायऱ्या मुलांच्या अंगवळणी पडाव्यात, असा माझा आग्रह असे. निवृत्तीनंतर एका सकाळी माझा एक जुना विद्यार्थी अंगणात आला आणि त्याने स्वतः लिहिलेला कागद माझ्यापुढे धरला. अर्ज भाताच्या गिरणीमागे बसणाऱ्या पत्त्यांच्या अड्ड्यास उद्देशून होता. विषय होता ‘शिमग्यापर्यंत रजा मिळणेबाबत’. मजकुरात म्हटले होते की, अर्जदाराची प्रकृती ठीक नसल्यामुळे त्यास तीन महिने खेळास घेऊ नये, ही नम्र विनंती.

“तुझ्या प्रकृतीला काय झालंय?” मी विचारले.

“काय बी न्हाई, बाई. पण तुमी आजारपणाच्याच रजेचा अर्ज शिकीवला हुता. दुसरा मला येत न्हाई.”

मी चष्मा काढून पुसला. दोष शिक्षकाचा होता, तो मान्य करणे भाग होते.

हा माणूस कुंभारवाड्याहून जोयड्याला, म्हणजे तालुक्याच्या गावी, जीप चालवतो. आमच्याकडे बस क्वचित येते, त्यामुळे बाजार, दवाखाना, कचेरी या साऱ्या गोष्टी त्याच्या जीपवर अवलंबून असतात. वाटेतल्या जंगलात मोबाइलला रेंज फक्त एका वळणावर मिळते. काही वर्षांपूर्वी त्याच्या फोनवर रमी आली आणि जीप त्या वळणावर थांबू लागली. आधी दोन मिनिटे, मग दहा, मग डाव संपेपर्यंत. मागे बसलेल्या बायका विचारत, “अण्णा, सुटली का रे तुझी रमी?” आणि तो बोट वर करून “येक पान, मावशी, येकच पान” म्हणे. मी स्वतः त्या वळणावर एकदा संपूर्ण वर्तमानपत्र वाचून काढले आहे, जाहिरातींसह.

त्या खेळात एक सोय होती. खेळणाऱ्याने ठरावीक मुदतीसाठी स्वतःच स्वतःला बाहेर काढून घ्यायचे. मुदत संपेपर्यंत खेळ त्याला आत घेत नाही. त्याने ती सोय दोनदा वापरली. पहिल्या वेळी तो चौथ्या दिवशी बायकोच्या नंबरावरून आत गेला. दुसऱ्या वेळी फोन खरोखरच शांत राहिला, आणि हा गिरणीमागे जाऊन बसू लागला. शिक्षकाच्या सवयीने मी यातून दोन गोष्टी टिपून ठेवल्या. दार बंद करताना शेजारचे दार उघडे आहे का, ते पाहिले पाहिजे. आणि ज्या दाराशी ओळखीचे कुणीच उभे नाही, ते दार दुसऱ्या नावाने सहज उघडते.

यानंतर एका लग्नाच्या दिवशी नवरीकडची माणसे जीपची वाट पाहत सड्याच्या उघड्या कातळावर उन्हात उभी राहिली, आणि जीप गिरणीपाशी उभी होती. नवरी त्याच्या बायकोची मावसबहीण होती. दुसऱ्या दिवशी बायको लहान मुलीला घेऊन माहेरी, खानापूरच्या बाजूला निघून गेली. जाताना ती माझ्याकडे आली होती. तिचे शब्द मला नेमके आठवतात.

“तीन महिने त्यानं एक बी पान हातात धरलं न्हाई, तर मी येते. न्हाई तर पोरीचं नाव तिकडच्या शाळंत घालते. आणि खेळला का न्हाई, ते तुमी सांगायचं, बाई. त्यो सांगंल ते मी ऐकणार न्हाई.”

त्या कागदामागे एवढे सारे होते. आम्ही अर्ज नीट लिहून काढला. आजारपण वगळले, ‘मी मागितले तरी मला पान वाटू नये’ हे वाक्य घातले आणि त्याखाली रेघ ओढली. अड्ड्यावर अर्ज घेऊन मीही गेले. गिरणीवाले मामा हे त्या अड्ड्याचे वडीलधारे. त्यांनी हातातली पाने पालथी ठेवली आणि अर्ज मोठ्याने वाचला.

“‘आपला विश्वासू’!” एक जण खिदळला. “मागच्या रविवारी राणी लपीवलीस तवा कुठं गेला हुता तुझा विश्वास?”

“गप ए,” मामा म्हणाले. “बाई, अर्ज मंजूर. ह्याला जो पान वाटंल, त्यानं गावदेवीला नारळ द्यायचा आणि आठवडाभर हिकडं फिरकायचं न्हाई. ठरलं?”

“ठरलं,” सगळे म्हणाले. मला वाटले, मंजुरी फारच लवकर मिळाली.

दुसऱ्या दिवसापासून मी हजेरीपटासारखी एक वही आखली. दर संध्याकाळी तिघांना विचारायचे: गिरणीवाल्या मामांना, स्टँडवर चहा विकणाऱ्या अक्कांना आणि खुद्द त्याला. तिन्ही उत्तरे जुळली तर बरोबरची खूण, न जुळल्यास प्रश्नचिन्ह. पहिल्या महिन्यात तीनच प्रश्नचिन्हे आली, आणि तीही अक्का बाजाराला गेल्या होत्या म्हणून. जीप वळणावर थांबेनाशी झाली. यावर पहिली तक्रार दिग्गीकडच्या एका म्हातारीने केली. त्या वळणावर तिला शिकेकाई मिळत असे.

“आता त्यो सुसाट जातोय,” ती मला म्हणाली. “खेळत हुता तवा बरा हुता. माझी पिशवी भरंपर्यंत त्याचा डाव चालायचा.”

मी ही तक्रारही शेऱ्याच्या रकान्यात लिहिली. ज्या उपायाने एकाचे भले होते त्याने दुसऱ्याची काय गैरसोय होते, हे नोंदवल्याखेरीज मूल्यमापन पुरे होत नाही.

दुसऱ्या महिन्यात मात्र माझ्या वहीविषयी गावात विलक्षण आस्था निर्माण झाली. विहिरीवर, देवळात, भात पाखडताना लोक विचारू लागले, “बाई, आज बरोबर का चूक?” ग्रामस्थांना आपल्यातल्या एकाच्या सुधारणेची इतकी कळकळ आहे, हे पाहून मला समाधान वाटले. ते समाधान अक्कांनी चहा गाळता गाळता संपवले.

“कळकळ कसली, बाई? पैज लागलीया. अर्धे म्हंत्यात शिमग्यापर्यंत टिकंल, अर्धे म्हंत्यात न्हाई. तुमच्या वहीतली खूण बगून निकाल लागणार.”

“अड्ड्यावर?”

“अड्ड्यावर सुरवात झाली. आता मी बी हाय. दोन नारळ.” मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी घाईघाईने सांगितले, “टिकंल म्हणून, बाई! टिकंल म्हणून!”

म्हणजे पत्ते सोडू पाहणाऱ्या माणसाच्या पत्ते सोडण्यावरच जुगार चालू होता, आणि त्याचा पंच मी होते. मी मामांना जाब विचारला. त्यांना यात काहीही गैर दिसेना. “पानं कुठं वाटलीत त्याला? अर्जात पैजेचं कायबी लिवलं न्हाई,” असे ते म्हणाले, आणि अर्ज मीच तपासलेला होता.

रागावलेले असूनही मला एक गोष्ट मान्य करावी लागली. त्याच्यावर इतकी कडक देखरेख कुठल्याही यंत्राला जमली नसती. ‘टिकणार’ म्हणणाऱ्यांपैकी एक जण रोज पहिल्या खेपेला जीपमध्ये पुढे बसत असे, जोयड्यात काही काम नसताना. ‘न टिकणार’ म्हणणारे त्याच्या चहाच्या वेळी मुद्दाम शेजारी पत्ते पिसत, आणि अक्का त्यांच्या अंगावर उकळते पाणी ओतण्याची धमकी देत. तो दोन्हीकडे पाहून हसत असे. मी पैज थांबवू शकले नाही. मात्र वही दाखवणे बंद केले. त्यामुळे उत्सुकता दुप्पट झाली.

शिमग्याला नऊ दिवस उरले असताना तो शनिवारी दुपारी माझ्याकडे आला. नेहमीसारखा पायरीवर बसला नाही, उभाच राहिला.

“बाई, मागल्या रविवारची खूण खोडा.”

“खेळलास?”

“पान न्हाई धरलं. आईशप्पत न्हाई. पण…” त्याने टोपी काढून हातात घेतली. “अड्ड्यावरची सगळी चहाला बसली हुती. एक जण म्हणाला, सगळ्या गावानं ह्याच्यावर लावलं, ह्यानं स्वतःवर लावलं न्हाई, म्हंजे ह्याचाच स्वतःवर भरवसा न्हाई. मला राग आला. मी मामाच्या कोंबड्यापुढं तांबडा कोंबडा लावला.”

“कशावर?”

“मी टिकणार म्हणून.”

मी वही उघडली आणि मिटली. एकोणतीस वर्षांत असला पेपर माझ्या हाती आला नव्हता. बायकोची अट पानाची होती, आणि पान त्याने धरले नव्हते. उत्तर अक्षरशः बरोबर होते. पण तो ज्या चटकेसाठी गिरणीमागे जात असे, तीच चटक त्या रविवारी चहाच्या टपरीवर त्याला मिळाली होती. ते त्यालाही ठाऊक होते, नाहीतर तो आला नसता.

“पैज अजून चालू आहे?” मी विचारले.

“हाय.”

“काढून घे.”

“काढली तर कोंबडा गेला, बाई. नेम हाय. आणि नऊच दिवस ऱ्हायलेत. मी जिंकतोयच की! मामाचा कोंबडा बी मलाच येणार. दोन कोंबडे घिऊन तिच्या दारात जातो.”

“पत्त्यांत असं किती वेळा वाटलं होतं, जिंकतोयच म्हणून?”

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. आंब्याच्या झाडाखाली जाऊन तो बराच वेळ उभा राहिला. मी मुद्दाम आत जाऊन तांदूळ निवडत बसले, कारण वर्गातही काही उत्तरे शिक्षकाने पाठ फिरवल्यावरच सुचतात. थोड्या वेळाने जीप सुरू झाल्याचा आवाज आला. तासाभराने तो परतला.

“दिला,” तो म्हणाला. “मामा हसून हसून गिरणीच्या पोत्यावर पडलं. म्हणालं, नऊ दिवसांसाठी कोंबडा सोडणारा माणूस मी जन्मात बगितला न्हाई. सगळी हसली.” मग तो पायरीवर बसला. “डाव हातात असताना मी कधीच उठलो नव्हतो, बाई. पाय जड झालं हुतं.”

मी रविवारपुढे प्रश्नचिन्ह केले आणि शनिवारपुढे बरोबरची खूण. रंग दोन्हींचा सारखाच वापरला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे जगलबेट, रामनगर करत त्याच्या सासुरवाडीला पोहोचलो. शिमग्यानंतर जायचे ठरले होते. पण ही गोष्ट तिला आठ दिवसांनी दुसऱ्या कुणाकडून कळणे मला योग्य वाटले नाही. तिने मला पाट दिला, त्याला दिला नाही. मी पहिल्या दिवसापासून सगळे क्रमाने सांगितले: अर्ज, नारळ, वही, पैज. कोंबड्यापर्यंत आले तेव्हा तिची मान वर झाली.

“कुठला कोंबडा?”

“तांबडा,” तो उंबऱ्याबाहेरून म्हणाला.

“माझा तांबडा? मी पिल्लापासून वाढीवला त्यो?”

“व्हय.”

“माझा कोंबडा लावून तुमी माझ्यासाठी जिंकणार हुता?”

तिची आई आतल्या खोलीत तोंडाला पदर लावून हसत होती. मी घाईने पुढचे सांगितले, की काल त्याने पैज सोडली, कोंबडा देऊन टाकला.

“जिंकत असताना?” तिने विचारले.

“हो.”

“कुणी सांगितलं म्हणून?”

“काढून घे असे मी म्हणाले. पण गेला तो एकटा. मी तांदूळ निवडत होते.”

तिने उंबऱ्याबाहेर टेकलेल्या नवऱ्याकडे पाहिले. मुलगी बापाच्या मांडीवर जाऊन बसली होती आणि त्याच्या टोपीत चिंचोके भरत होती. त्याने काहीही मागितले नाही, शपथ घेतली नाही. नुसता टोपीतले चिंचोके पाहत राहिला. मला त्याचे फार कौतुक वाटले, कारण पूर्वीच्या प्रत्येक वेळी शपथ त्याच्या ओठांवर तयार असे.

“बाई, खरं सांगा,” ती म्हणाली. “परत खेळंल का न्हाई?”

मला जवळजवळ तीन महिन्यांच्या वहीचा आधार होता, आणि तरीही याचे उत्तर त्यात नव्हते. मी तिला तसेच सांगितले. म्हटले, अर्जाने माणूस बदलत नाही. तो चुकला तर लगेच चार जणांना कळते, आणि तो स्वतः येऊन सांगू शकतो, एवढीच सोय अर्जाने होते. फोनच्या बंदीत तो चुकला तेव्हा कुणाकडे आला नव्हता. या वेळी आला. वहीवरून मला एवढेच सिद्ध करता येते.

“म्हंजे पास का नापास?”

“पास. पण वरच्या वर्गात जाऊन पुन्हा अभ्यास करायचा.”

ती उठली, आत गेली. भांड्यांचा आवाज आला, आईशी काही बोलणे झाले. तो माझ्याकडे पाहत होता, मी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे. ती बाहेर आली तेव्हा हातात कपड्यांची पिशवी आणि मुलीच्या चपला होत्या.

“आठ दिवस हितं बसून मोजायचे, त्यापरीस तिथंच मोजते,” ती म्हणाली. “आणि आधी मामांच्या दारात जीप थांबवायची. पैज तुमची हुती, कोंबडा माझा हाय. मला इचारल्याबिगर लावलेला कोंबडा मी सोडणार न्हाई.”

“नेम हाय, अगं—”

“मामांना म्हणावं, अर्ज करा.”

त्याने पिशवी घेतली. जीपमध्ये मुलगी पुढे बसण्यासाठी हट्ट करू लागली, आणि मी मागच्या बाकावर सरकून त्या दोघींसाठी पुढची जागा मोकळी केली.