रंग बदलणारी पट्टी आणि आईचं नाक

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा घरपोच मासे विकणाऱ्या एका कंपनीसाठी प्रकल्प चालू होता. माशाच्या पाकिटाला आतून चिकटवायची एक छोटी पट्टी आम्ही तयार करत होतो. मासा ताजा असेपर्यंत ती पिवळी राहायची, उतरायला लागला की हिरवी आणि खराब झाला की निळी व्हायची. रंग बदलायला लावणं त्या मानाने सोपं होतं. पट्टी हिरवी होते तेव्हा माणसाच्या नाकाला तो मासा खटकतो का, हे मात्र यंत्राला विचारून कळत नाही. त्यासाठी वास घेणारी माणसंच लागतात.

"घरी रोज मासे करणाऱ्या बायका बघा," आमच्या मॅडम म्हणाल्या.

मी लगेच आईचं नाव पुढे केलं. लालबागच्या बाजारात आई मासा घ्यायची ते बघण्यासारखं असायचं. कल्ला उघडून बघायची, बोटाने दाबायची, शेवटी नाकाशी धरायची आणि मगच भाव विचारायची. पण मी घरी विषय काढला तर ती नाहीच म्हणाली. "माका नको तुमचे ते प्रयोग." मी पुन्हा विचारलं तेव्हा बाबाही माझ्या बाजूने बोलले आणि तिचा नाइलाज झाला. ठरलेल्या सकाळी चांगली साडी नेसून, केसांत अबोली माळून ती माझ्याबरोबर निघाली.

प्रत्येक बाईसमोर आम्ही झाकणाच्या लहान वाट्या ठेवल्या होत्या. झाकण उचलायचं, वास घ्यायचा, समोरच्या कागदावर खूण करायची. आई सगळ्यांच्या आधी उठली. प्रत्येक वाटीला तिने 'ताजा' अशी खूण केली होती. त्यातली एक वाटी आम्ही मुद्दाम फ्रिजबाहेर ठेवलेल्या बांगड्याची होती. तिचा वास मला दारातूनही येत होता.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी आईला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले.

"आई, ती कडेची वाटी... तुला काहीच वाटलं नाही?"

ती खिडकीतून खालचा रस्ता बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माका वासच येना नाय गो."

"कधीपासून?"

"त्या तापापासना."

तो ताप म्हणजे साथीतला ताप. आमच्या घरात सगळ्यांनाच येऊन गेला होता. त्यात गेलेली वासाची जाणीव माझी आणि बाबांची काही आठवड्यांत परत आली. तिचीही आली असेल, असं आम्ही गृहीत धरलं होतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? माशाचा वास येत नाय म्हटल्यार माका मालवणी कोण म्हणतलो?"

ती हसली, पण डोळे भरले होते. मग एकेक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. फोडणी घातली की ती मला हाक मारायची, "बघ गो, लसूण झाली काय." पावसाची झड आत येत असली तरी स्वयंपाकघराची खिडकी लावू द्यायची नाही. मला तो तिचा हट्ट वाटायचा. गॅस राहिला तर आपल्याला कळणार नाही, ही धास्ती ती एकटीच बाळगून होती.

आम्ही आत गेलो तेव्हा मॅडमनी तिच्यासाठी चहा मागवला होता. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "ताई, वास घ्यायच्या कामाला तुम्ही नाही चालणार. पण ही पट्टी खरं तर तुमच्यासारख्यांसाठीच आहे. घरी वापरून बघाल?"

आईने मान डोलावली.

पुढचे काही महिने आमचा फ्रिज हा प्रयोगशाळेचाच एक भाग झाला. आई डब्याच्या झाकणाला आतून पट्टी लावायची आणि सकाळी चष्मा घालून रंग बघायची. सुरमई आणि पापलेटला पट्टीने कधी फसवलं नाही. बोंबलाने मात्र घोळ केला. पट्टी पिवळीधमक, आई पीठ लावायला बसलेली, आणि मी दारातून आत येतानाच ओरडले, "आई, तो बोंबील टाकून दे!"

"पट्टी तर बरी आसा."

"पट्टीचं चुकलंय."

बोंबलात पाणी फार असतं, त्या ओलाव्यात आमचा रंग नीट चढत नव्हता. प्रकल्पाची मुदत संपेपर्यंत आम्हाला ते सुधारता आलं नाही. कंपनीने सुरमई-पापलेटपुरती पट्टी घेतली. बोंबलाचं काम तसंच राहून गेलं, याची चुटपुट मला अजून आहे.

आईने मग स्वतःच मार्ग काढला. एके सकाळी बाजारात मी तिच्यासोबत होते. तिने नेहमीसारखा बोंबील हातात घेतला, नाकापर्यंत नेला आणि परत टोपलीत ठेवला. तिच्या नेहमीच्या कोळणीला म्हणाली, "माका वास येत नाय. आता तूच सांग, घेव की नको."

कोळीण बघतच राहिली. "अगं बाय! मग इतके दिवस नाकाला लावत होतीस ते?"

"सवय."

दोघी इतक्या हसल्या की शेजारच्या कोळणीने मान वळवून पाहिलं. त्यानंतर आपल्याकडे चांगला माल नसला की ती नेहमीची कोळीण लांबूनच हात हलवून आईला पुढे जायला सांगायची.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे मी तिला नेलं. त्यांनी लवंग, लिंबाची साल, कॉफी असं रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायला सांगितलं. खात्री काहीच दिली नाही. आई देवपूजा उरकली की त्या वस्तूंच्या डब्या घेऊन बसायची. फारसं काही होत नव्हतं, पण तिने सोडलं नाही.

परवा रविवारी दुपारी मी पेपर वाचत पडले होते. आई अचानक उठून बाहेर गॅलरीत गेली. मी मागोमाग गेले. मजल्यावरच्या कुणाच्या तरी घरी सुकट भाजत होते. ती कठड्याला धरून डोळे मिटून उभी होती.

"वास येता काय गो?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"थोडोसो," ती म्हणाली. "गप रव."