आधी कबुली देणारी

“माझंच चुकलं,” असं ती आधी म्हणायची आणि काय झालंय ते मग विचारायची. मोटर बंद पडली, माझंच चुकलं. टेम्पो उशिरा आला, माझंच चुकलं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल; आपण त्याला गरीब स्वभावाचं म्हणतो आणि मोकळे होतो. मीही तेच केलं.

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी कडेगावजवळच्या एका ऊस रोपवाटिकेत लागलो. औषधं आणि फवारणी माझ्याकडे. ती तेवीस वर्षांची, पण शेडमधल्या पंधरा बायकांची मुकादम. उसाच्या कांडीवरच्या डोळ्यावरून अंगठा फिरवून ती सांगायची, हा फुटंल, हा न्हाई. तिनं बाजूला टाकलेले डोळे मी एकदा हट्टानं लावून पाहिले. एकही उगवला नाही. कुठली बाई आज गप्प आहे हे तिला हजेरी घेतानाच कळायचं, आणि त्या बाईला ती सावलीतलं काम द्यायची. मात्र मालकांचा आवाज चढला की तिचे हात दुप्पट वेगानं चालू लागायचे. कौतुक केलं तर मागं वळून बघायची, ते दुसऱ्या कुणाचं तर नाही ना म्हणून.

एकदा डबा खाताना मी विचारलं, न केलेली चूक अंगावर का घेतेस? तिनं सांगितलं, आई तिच्या लहानपणीच गेली, बाप घर सोडून गेला आणि ती उंब्रजला चुलत्यांकडे वाढली. त्या घरात कप फुटला तरी त्याचा आळ हिच्यावर यायचा.

“आदी कबूल केलं की लवकर संपतंय, काका,” ती म्हणाली आणि मला लोणचं वाढलं.

पुढं मालकांनी शिराळ्याजवळ नवी शेड उभारली. ती हिच्या हाती द्यायचं ठरत आलं होतं आणि तिलाही ती मनापासून हवी होती. नेमकं तेव्हाच मी तणनाशकाचा पंप न धुता त्यात खत कालवलं आणि रोपांवर मारलं. आठवड्यात ट्रेच्या ट्रे पिवळे पडले. कुणी केलं, म्हणून मालकांनी विचारलं. तिनं सवयीनं कबुली दिली. आणि वीस वर्षं बंदूक धरलेला मी तोंडात गुळणी धरून उभा राहिलो.

“मग शिराळ्याचं ऱ्हाऊ दे आता,” मालक म्हणाले.

तिनं नुसतं बरं म्हटलं आणि ट्रे भरायला बसली. त्या दुपारी तिनं डबा उघडला नाही.

मला ते झेपेना. दुसऱ्या दिवशी मालकांपुढं, सगळ्या बायकांदेखत मी सांगून टाकलं, की पंप मी धुतला नव्हता. मग तिच्याकडे वळलो. “पोरी, चूक माझी हुती. तुज्यावर जाऊ दिली. माफ कर.”

ती गोंधळली. आजवर तिची माफी कुणी मागितलीच नव्हती. हळूच म्हणाली, “आता मी काय म्हनायचं असतंय?”

“राग आला आसंल तर राग धर.”

“लय आलाय,” ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली.

आता ती शिराळ्याची शेड सांभाळते. इथं तिच्या जागी आलेली मुकादम कामाला चोख आहे, पण मला करमत नाही. त्या माफीनंतर चार दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. डबासुद्धा लांब जाऊन खाल्ला. त्या चार दिवसांत मला जेवढं बरं वाटलं, तेवढं उभ्या नोकरीत कधी वाटलं नाही.